कच्चा हास्केल कोड आणि जीएचसीची भुणभुण

अर्धवट कोड कंपाइल करायला दिला की हास्केलचा कंपायलर जीएचसी दोन तऱ्हेचं बोलतो. एक म्हणजे ‘हे अजून आवरलेलं नाही’. दुसरं म्हणजे ‘हे चालवलंत तर तोंडघशी पडाल’. पहिलं आपल्याला ठाऊकच असतं, पसारा आपणच मांडलेला असतो. दुसरं मात्र कच्च्या कोडात पक्क्या कोडापेक्षाही जास्त मोलाचं, कारण तिथे टेस्ट नसतात, दुसऱ्या कुणी कोड वाचलेला नसतो आणि चूक पकडणारा एकटा कंपायलरच असतो. पंचाईत अशी की दोन्ही बोलणी एकाच आवाजात, एकाच रंगात, एकमेकांत मिसळून येतात. म्हणून भुणभुण बंद करायची ती निवडून, आणि जिथे पसारा आहे त्या फाइलीपुरतीच.

माझं काम बहुतेकदा लॉग फाइली वाचून त्यांतून आकडे काढण्याचं. नवा प्रोग्रॅम सुरू केला की डेटा.मॅप, डेटा.लिस्ट, डेटा.चार, डीबग.ट्रेस हे इम्पोर्ट मी आधीच टाकून ठेवतो. खाली ओळ फोडणारं एक फंक्शन, ओळीतून वेळ वाचून काढणाऱ्या फंक्शनची दोन रूपं, कारण कुठलं ठेवायचं ते ठरलेलं नसतं, आणि मेनमध्ये तूर्त पहिल्या काही ओळी नुसत्या छापणं. ही फाइल -डब्ल्यूऑल हा नेहमीच्या बहुतेक वॉर्निंग्ज चालू करणारा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचा पर्याय, लावून कंपाइल केली की पडदा भरतो: इम्पोर्ट वापरलेला नाही, फंक्शन वापरलेलं नाही, सिग्नेचर, म्हणजे टाइप सांगणारी ओळ, नाही, ‘लाइन्स’ हे तुमचं नाव प्रिल्यूड या आपोआप इम्पोर्ट होणाऱ्या मॉड्यूलमधल्या नावाला झाकतंय. आणि या गर्दीत मधेच कुठेतरी एक वॉर्निंग अशी की केसमध्ये रिकाम्या यादीची शक्यता हाताळलेली नाही. लॉगमध्ये पहिली रिकामी ओळ आली की प्रोग्रॅम कोसळणार, तो नेमका तिथे.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची पद्धत सांगून ठेवतो. फ्लॅग मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत घालायचे, सगळी अक्षरं छोटी, फक्त सुरुवातीचा डब्ल्यू मोठा. हायफन जिथे दिसतो तिथेच द्यायचा. डब्ल्यू आणि त्यापुढचा शब्द यांच्यामध्ये काही नाही.

छोटा डब्ल्यू नको

शोधाशोध केली की सगळ्यात आधी हाती लागतं ते छोट्या डब्ल्यूचं अस्त्र: हायफन आणि छोटा डब्ल्यू, बस्स. त्याने सगळ्या वॉर्निंग्ज एकदम बंद होतात. मोठा डब्ल्यू एकटा लिहिला तर मात्र उलट होतं, नेहमीपेक्षा जास्त वॉर्निंग्ज चालू होतात. एका शिफ्ट-कीचा फरक.

छोटा डब्ल्यू मी का वापरत नाही, ते एका उदाहरणातून सांगतो. समजा वर ‘लिमिट’ नावाचा स्थिरांक आहे, 500 किंमतीचा. खाली केस लिहिली: पहिली शाखा ‘लिमिट’, तिच्यापुढे ‘हद्द गाठली’, दुसरी शाखा अंडरस्कोर, तिच्यापुढे ‘ठीक’. दुसऱ्या भाषांमधून आलेल्या माणसाला हे बरोबर वाटतं. पण हास्केलमध्ये पॅटर्नमधलं छोट्या अक्षराने सुरू होणारं नाव म्हणजे नवं नाव, आणि ते कशालाही जुळतं. वरच्या 500 शी त्याचा काही संबंध नाही. परिणाम असा की प्रत्येक ओळ ‘हद्द गाठली’ म्हणते आणि दुसरी शाखा कधीच चालत नाही. टाइप अगदी बरोबर, त्यामुळे एरर नाही. जीएचसी -डब्ल्यूऑल नसतानाही इथे सांगतो की दुसरा पॅटर्न फुकट आहे. ती -डब्ल्यूओव्हरलॅपिंग-पॅटर्न्स, मुळातच चालू असते. छोटा डब्ल्यू टाकलात की हेही गेलं.

याच मूळच्या संचात रेकॉर्डमधलं फील्ड भरायचं राहिलं तर सांगणारी -डब्ल्यूमिसिंग-फील्ड्स आहे, आणि टाइपक्लासची मेथड लिहायची राहिली तर सांगणारी -डब्ल्यूमिसिंग-मेथड्स. दोन्हींचा एरर प्रोग्रॅम चालू असताना येतो, तोही त्या फील्डला किंवा मेथडला हात लागेल तेव्हा. म्हणजे कदाचित फाइलीच्या शेवटच्या ओळीवर.

आधी सगळं चालू, मग निवडून बंद

मी आधी -डब्ल्यूऑल लावतो आणि मग त्यातून नको ते वजा करतो. नाव पाठ करायची गरज नाही. प्रत्येक वॉर्निंगच्या पहिल्या ओळीत चौकटी कंसात तिच्या फ्लॅगचं नाव असतं. त्यात डब्ल्यूच्या पुढे ‘नो’ आणि एक हायफन घाला, झाला बंद करणारा फ्लॅग. -डब्ल्यूअनयूज्ड-इम्पोर्ट्सचा -डब्ल्यूनो-अनयूज्ड-इम्पोर्ट्स. 2023 मध्ये आलेल्या जीएचसी 9.6 पासून शेजारी कोडही दिसतो, उदाहरणार्थ न वापरलेल्या इम्पोर्टला जीएचसी-66111. तो कोड हास्केलच्या एरर इंडेक्सवर शोधला की स्पष्टीकरण मिळतं. जुन्या लेखांमध्ये एफ-नो-वॉर्न असं सुरू होणारे फ्लॅग दिसतील. 2016 च्या 8.0 पूर्वीची ती पद्धत अजूनही चालते, पण नव्या कोडात कशाला?

फाइलीच्या अगदी वर, मॉड्यूलच्या ओळीच्या आधी, हा प्रॅग्मा, म्हणजे कंपायलरसाठीची सूचना:

{-# ऑप्शन्स_जीएचसी -डब्ल्यूनो-अनयूज्ड-इम्पोर्ट्स -डब्ल्यूनो-अनयूज्ड-टॉप-बाइंड्स -डब्ल्यूनो-अनयूज्ड-लोकल-बाइंड्स -डब्ल्यूनो-अनयूज्ड-मॅचेस -डब्ल्यूनो-मिसिंग-सिग्नेचर्स -डब्ल्यूनो-नेम-शॅडोइंग -डब्ल्यूनो-टाइप-डीफॉल्ट्स #-}

सुरुवातीचे दोन शब्द सगळे मोठ्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर.

यातल्या चार ‘अनयूज्ड’बद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. नेम-शॅडोइंगबद्दल आहे. लाइन्स, वर्ड्स, मॅक्स, लॉग अशी नावं प्रिल्यूडने अडवून ठेवली आहेत, आणि लॉग फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमात ‘लॉग’ हे नाव झाकलं गेलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण एकाच फंक्शनमध्ये आतली आणि बाहेरची गोष्ट एकाच नावाची असेल तर घोळ होतो, म्हणून फंक्शन लांबलं की ही वॉर्निंग मी परत चालू करतो. सिग्नेचरची वॉर्निंग बंद ठेवली तरी मधल्या एक-दोन मुख्य फंक्शनांना मी सिग्नेचर देतोच. नाहीतर टाइपची चूक एकीकडे आणि एरर भलतीकडे, असा खेळ सुरू होतो.

टाइप-डीफॉल्ट्स ही हास्केलमधली सगळ्यात चिवट कुरकुर. सरासरीपासूनचं अंतर काढायला एक्सचा वर्ग लिहिला, एक्स आणि टोपीच्या चिन्हापुढे 2, की एक्स डबल असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असूनही वॉर्निंग. कारण ती एक्सबद्दल नाहीच. घातांकाचा 2 कुठल्या पूर्णांक टाइपचा ते तुम्ही सांगितलं नाही, म्हणून जीएचसीने इंटिजर धरला आणि तसं कळवलं. एकाच जागी असेल तर एक्स गुणिले एक्स लिहून मोकळं व्हा. गणित जास्त असेल तर फ्लॅग.

प्रॅग्मात मुद्दाम न घातलेली एक: -डब्ल्यूअनयूज्ड-डू-बाइंड. डू ब्लॉकमध्ये एखाद्या क्रियेचं उत्तर तुम्ही टाकून दिलंत की ती बोलते, आणि बहुतेकदा मॅपएमच्या शेवटी अंडरस्कोर द्यायचा राहिलेला असतो. अंडरस्कोर घातला की प्रश्न मिटतो. तेवढ्यासाठी तिला कशाला गप्प करायचं?

आणि जिला हात लावायचा नाही ती -डब्ल्यूइनकम्प्लीट-पॅटर्न्स. ती मूळच्या संचात नाही, -डब्ल्यूऑल लावल्यावर येते, आणि नेमकी तिच्यासाठीच मी -डब्ल्यूऑल लावतो. तिची बहीण -डब्ल्यूइनकम्प्लीट-युनी-पॅटर्न्स, जी लेटमधल्या आणि लॅम्डामधल्या पॅटर्नकडे बघते, 9.2 पासून -डब्ल्यूऑलमध्ये आली आहे. या दोघींना शांत करायचं तर कोड लिहून. केसच्या शेवटी अंडरस्कोरची शाखा घाला आणि तिच्यात एरर फंक्शनला खुद्द ती ओळच शो करून द्या. वॉर्निंग जाते, आणि प्रोग्रॅम कोसळला तरी कुठल्या ओळीवर कोसळला ते कळतं. लेटमध्ये ‘ए, बी, सी या तीन तुकड्यांची यादी म्हणजे वर्ड्स ओळ’ असं लिहिलं असेल तर आयओच्या डू ब्लॉकमध्ये तेच डाव्या बाणाने आणि प्युअर लावून लिहा. मग जुळलं नाही तर फाइल आणि ओळ क्रमांक सांगणारा एरर येतो, आणि वॉर्निंगही येत नाही. मेबीच्या डू ब्लॉकमध्ये हाच प्रकार नथिंग देतो, जे पार्सरमध्ये बऱ्याचदा हवंच असतं.

क्रम महत्त्वाचा

जीएचसी फ्लॅग डावीकडून उजवीकडे वाचतो आणि शेवटच्याचं ऐकतो. आधी -डब्ल्यूनो-अनयूज्ड-इम्पोर्ट्स आणि नंतर -डब्ल्यूऑल लिहिलंत तर -डब्ल्यूऑल ती वॉर्निंग पुन्हा चालू करतो. ‘फ्लॅग लावला तरी वॉर्निंग येतेच’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. फाइलीतला प्रॅग्मा कमांड लाइनवरच्या फ्लॅगनंतर धरला जातो, म्हणून तो दोन्हीकडे चालतो: प्रोजेक्टने चालू केलेलं फाइलीत बंद करता येतं, आणि बंद केलेलं चालू.

प्रोजेक्टमध्ये -डब्ल्यूएरर असेल, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग एरर ठरत असेल, तर कच्च्या फाइलीच्या प्रॅग्मात -डब्ल्यूवॉर्न एवढंच लिहा. वॉर्निंग्ज दिसतील पण अडवणार नाहीत. एकाच प्रकारापुरती सूट हवी असेल तर -डब्ल्यूवॉर्न, बरोबरचं चिन्ह आणि नाव. वॉर्निंग बंद करण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त आवडतो.

पसारा अनेक फाइलींत पसरला असेल आणि बिल्डसाठी कबाल हे साधन वापरत असाल तर कबाल.प्रोजेक्ट.लोकल ही फाइल करा. तिच्यात ‘पॅकेज’ आणि तुमच्या पॅकेजचं नाव, खालच्या ओळीत थोडं आत सरकवून ‘जीएचसी-ऑप्शन्स’, कोलन (:) आणि फ्लॅग. नावाच्या जागी तारांकन नको, ते बाहेरून आणलेल्या लायब्ररींनाही लागू होतं. ही फाइल तुमच्या मशीनपुरती असते. गिटच्या इग्नोर यादीत आहे ना, ते बघून घ्या. पॅकेजच्या मुख्य कबाल फाइलीत मात्र सूट लिहू नका. ती सगळ्यांना लागू होते आणि तिथून कुणी काढत नाही. कबालऐवजी स्टॅक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांनी स्टॅक.यॅमलमध्ये जीएचसी-ऑप्शन्सखाली डॉलर-लोकल्स या नावापुढे फ्लॅग द्यावेत. स्टॅक बिल्डला ‘पेडँटिक’ हा पर्याय आहे, तो -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएरर दोन्ही लावतो. पसारा असेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

फ्लॅग न लावता

मॉड्यूलची ओळच न लिहिता थेट मेन लिहिलं तर हास्केलच्या नियमानुसार मेन मॉड्यूल फक्त मेन हे एकच नाव बाहेर देतं असं धरलं जातं. मग मेनपासून जिथे पोचता येत नाही ते प्रत्येक फंक्शन ‘वापरलेलं नाही’. वर ‘मॉड्यूल मेन व्हेअर’ एवढी ओळ घाला, कंसातली यादी न देता. आता सगळीच नावं बाहेर जातात, म्हणून त्या वॉर्निंग्ज एका झटक्यात बंद, फ्लॅगशिवाय. वेळ वाचणाऱ्या फंक्शनची ती दोन रूपं सुखाने शेजारी राहतात. मला विचाराल तर नव्या फाइलीत पहिली टाइप करायची ओळ हीच.

एकट्यादुकट्या नावासाठी अंडरस्कोर पुरे. न वापरलेल्या नावाच्या आधी तो लावला की ‘अनयूज्ड’ आणि ‘शॅडोइंग’ दोन्ही गप्प. फक्त एक जपा: अंडरस्कोरने सुरू होणारं नाव कुठेच बांधलेलं नसेल तर जीएचसी त्याला टाइप्ड होल, म्हणजे नंतर भरायची मोकळी जागा, समजतो आणि एरर देतो. म्हणजे व्याख्येत अंडरस्कोर लावला पण वापरात लावायचा राहिला तर ‘नाव सापडलं नाही’, आणि उलट केलंत तर होल. होल मुद्दाम ठेवण्यातही फायदा आहे, तिथे कुठल्या टाइपचं काय बसेल ते जीएचसी सांगतो.

इन्स्टन्सपुरताच इम्पोर्ट हवा असेल तर नावापुढे रिकामे कंस द्या, तक्रार येत नाही.

जीएचसीआय आणि जीएचसीआयडी

‘सेट -डब्ल्यूऑल’ ही ओळ जीएचसीआय, म्हणजे प्रॉम्प्टवर कोड चालवून बघण्याचं जीएचसीचं साधन, त्याच्या सेटिंग फाइलीत ठेवली की प्रॉम्प्टवर दोन अधिक दोन लिहिलं तरी डीफॉल्टची वॉर्निंग येते. त्याखाली ‘सेटआय -डब्ल्यूनो-टाइप-डीफॉल्ट्स’ लिहा. सेटच्या शेवटी आय लावलेली ही आज्ञा फक्त प्रॉम्प्टवर टाइप केलेल्याला लागू होते, लोड केलेल्या फाइलींना नाही. दोन्ही आज्ञांच्या आधी कोलन (:) असतोच.

फाइल बदलली की ती लगेच पुन्हा लोड करून चुका दाखवणारं जीएचसीआयडी वापरत असाल आणि त्याला टेस्ट म्हणून मेन चालवायला सांगितलं असेल, तर एकही वॉर्निंग असेपर्यंत तो मेन चालवतच नाही. इथे वॉर्निंग्ज बंद करण्याचा मोह होतो. त्याऐवजी जीएचसीआयडीलाच ‘वॉर्निंग्ज’ हा पर्याय द्या, आधी दोन हायफन. मग वॉर्निंग्ज दाखवूनही तो मेन चालवतो.

फाइल अर्धी तुटलेली असताना उरलेली अर्धी चालवून बघायची असेल तर जीएचसीआयमध्ये -एफडिफर-टाइप-एरर्स सेट करतो, हा फ्लॅग सगळा छोट्या अक्षरांत. टाइपच्या चुका वॉर्निंग होतात, सापडत नसलेली नावं आणि होलसुद्धा, आणि तुटलेल्या भागाला हात लागला तरच प्रोग्रॅम थांबतो. कबाल फाइलीत हे घालू नका, आणि त्यातून येणाऱ्या -डब्ल्यूडिफर्ड-टाइप-एरर्सला गप्प तर मुळीच करू नका. ती गेली तर तुटलेलं काय आणि धड काय, काहीच कळणार नाही.

हेड, टेल आणि स्वतःच्या वॉर्निंग्ज

जीएचसी 9.8 पासून हेड किंवा टेल वापरलं की -डब्ल्यूएक्स-पार्शियल येते. एक्सच्या पुढे हायफन आहे. कच्च्या कोडात मी हेड वापरतो आणि -डब्ल्यूनो-एक्स-पार्शियल लावतो, कारण रिकाम्या यादीवर हेड कोसळलं तर निदान तो आरडाओरडा करून कोसळतो. जुना जीएचसी हा फ्लॅग ओळखत नाही आणि अनोळखी फ्लॅगची वेगळी वॉर्निंग देतो. दोन्ही वापरात असतील तर कबाल फाइलीत ‘इफ इम्प्ल’ लावून 9.8 किंवा पुढच्यालाच तो द्यावा. सूट कबाल फाइलीत नको या माझ्या नियमाला हा एवढा अपवाद.

या प्रकारच्या वॉर्निंग्ज आपल्यालाही करता येतात, आणि कच्च्या कोडासाठी यासारखी सोय नाही. वेगळ्या मॉड्यूलमध्ये ‘टूडू’ नावाचं फंक्शन करा, कुठल्याही टाइपच्या जागी बसणारं, आत नुसता एरर. त्याला वॉर्निंग प्रॅग्मा लावा, ‘इन’ शब्दापुढे अवतरणात ‘एक्स-टूडू’ हा गट देऊन. आता जिथे जिथे अनडिफाइन्ड लिहिलं असतं तिथे टूडू लिहा. अनडिफाइन्डबद्दल जीएचसी कधीच बोलत नाही. टूडू वापरलेली प्रत्येक जागा तो ओळ क्रमांकासह दाखवतो. गर्दी वाटली तर -डब्ल्यूनो-एक्स-टूडू, आणि मुख्य शाखेत कोड घेताना -डब्ल्यूएरर, बरोबरचं चिन्ह, एक्स-टूडू. मॉड्यूल वेगळंच हवं, कारण ज्या मॉड्यूलमध्ये फंक्शन आहे त्याच मॉड्यूलमधल्या वापरावर ही वॉर्निंग येत नाही.

आवरायला घेताना

प्रॅग्मातले फ्लॅग एकदम न काढता एकेक काढतो. पहिला अनयूज्ड-टॉप-बाइंड्स, आणि त्याच वेळी मॉड्यूल मेनच्या पुढे कंसात मेन. त्याने मेलेली फंक्शनं उघडी पडतात आणि ती उडवल्यावर निम्मे इम्पोर्ट आपोआप निरुपयोगी होतात, म्हणून इम्पोर्टचा फ्लॅग त्यानंतर. सिग्नेचरचा सगळ्यात शेवटी, कारण ती वॉर्निंग स्वतःच अनुमान केलेला टाइप लिहून देते. ओळ उचलायची आणि फंक्शनच्या डोक्यावर चिकटवायची. चिकटवण्याआधी वाचा मात्र, जीएचसीने काढलेला टाइप कधीकधी तुमच्या मनात होता त्यापेक्षा फार सैल असतो.

वॉर्निंग मॉड्यूल कंपाइल होतानाच दिसते. न बदललेलं मॉड्यूल जीएचसी पुन्हा कंपाइल करत नाही, त्यामुळे दुसऱ्या बिल्डला पडदा स्वच्छ दिसला तरी सगळं आवरलं असं समजू नका. शेवटचा फ्लॅग काढल्यावर एकदा -एफफोर्स-रीकॉम्प लावून सगळं बिल्ड करा आणि जे उरलं असेल ते तेव्हाच निस्तरा.